घड्याळाने मोजलेलं आकाश

पहाटे ४

कार्तिकाच्या वद्य पक्षात पहाटे चारच्या सुमारास मिथुन राशीतला झीटा तारा बुलढाण्याच्या नेमका माथ्यावर असतो. शहराचा अक्षांश २० अंश ३२ कला. या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तरेकडचं अंतर, आज जवळजवळ तेवढीच आहे. आमचं गाव शहरापासून फार लांब नाही. गच्चीवर सतरंजी टाकून उताणं पडलं की तारा थेट डोळ्यांसमोर येतो. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला दिव्यांचा उजेड नाही आणि अमावास्या जवळ आल्यामुळे चंद्राचीही अडचण नाही.

हा तारा कधी ३.६ प्रतीचा दिसतो, तर कधी ४.२ पर्यंत मंदावतो. प्रतीचा आकडा मोठा, तितका तारा मंद. हा सगळा फेरा तो १०.१५ दिवसांत पुरा करतो आणि लगेच पुढचा सुरू करतो. अशा ताऱ्यांना आपल्याकडे रूपविकारी तारे म्हणतात. त्यातले सेफीड जातीचे तारे खरोखरच फुगतात आणि आकसतात, म्हणून त्यांचं तेज बदलतं. दिवसा मी हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवते. रात्री आणि पहाटे या ताऱ्यांचा उजेड वहीत उतरवते.

रीत सोपी आहे. शेजारचा आयोटा ३.८ प्रतीचा आणि अप्सिलॉन ४.१ प्रतीचा. दोघांचंही तेज ठरलेलं. या दोघांच्या मध्ये झीटा कुठे बसतो ते पाहायचं. आज तो आयोटापेक्षा जरासा मंद आणि अप्सिलॉनपेक्षा स्पष्ट उजळ आहे. नोंद ३.९. वेळ लिहिली, लाल कागद लावलेली बॅटरी विझवली. हा लाल कागद महत्त्वाचा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सगळी वाया घालवते.

पहाटे ५

सासूबाई तुळशीला पाणी घालायला उठतात. ईशान्येला सप्तर्षी वर आलेले असतात आणि त्यांच्या टोकाच्या दोन ताऱ्यांनी दाखवलेल्या वाटेवर ध्रुव. सासूबाईंच्या लेखी ध्रुव म्हणजे अढळपद. मी त्यांना सांगितलं, "आई, हासुद्धा सेफीडच आहे. सुमारे चार दिवसांत एकदा फुगतो आणि आकसतो." त्या थांबल्या, ध्रुवाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग ते दिसत काऊन नाई?"

प्रश्न अगदी बरोबर. ध्रुवाचा चढउतार इतका बारीक आहे की नुसत्या डोळ्याला तो कळत नाही. एजनार हर्टझ्‌स्प्रुंग या डॅनिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये तो पक्का केला. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा चढउतार आणखी ओसरला होता, नंतर पुन्हा थोडा वाढला. आपल्याला सर्वांत जवळचा सेफीड तोच, साडेचारशे प्रकाशवर्षांच्या आसपास. जागेवरून तो हलत नाही असं वाटतं, पण त्याचं पोट सतत हलतंय.

सकाळी ७.३०

चहा घेता घेता पहाटेची नोंद संगणकावर चढवायची. जगभरचे हौशी निरीक्षक आपल्या नोंदी १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'एएव्हीएसओ' या संघटनेकडे पाठवतात. या कामात भारतीय नावं जुनी आहेत. मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा शोधला. जेसोरच्या खजिना कचेरीत नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी १९१९ ते १९५४ या काळात ३७,२१५ नोंदी या संघटनेला पाठवल्या. दिवसभर कचेरी आणि रात्री आकाश. त्यांच्या चिकाटीची दखल घेऊन संघटनेने १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण समुद्रापार त्यांच्याकडे पाठवली.

मोठ्या दुर्बिणी असताना डोळ्यांनी केलेल्या नोंदींना काय किंमत, असं मला विचारलं जातं. मोठी दुर्बीण आपल्या राज्यातही आहे. पुण्याच्या आयुकाची, गिरवलीला, दोन मीटर व्यासाच्या आरशाची. पण तिच्यासारख्या यंत्राला तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे तारे झेपत नाहीत. त्यांच्या प्रकाशाने कॅमेऱ्याची चकती भरून वाहते. हे उजळ तारे डोळ्याच्या वाट्याला आलेले आहेत, आणि डोळा हे काम अडीचशे वर्षांपासून नीट करत आलेला आहे.

सकाळी ११

नववीचा तास. खिडक्यांना पडदे, खोलीत एकच दिवा, हातात मोबाइलवरचं प्रकाश मोजायचं अ‍ॅप. दिव्यापासून एक मीटरवर आकडा लिहिला, मग दोन मीटरवर. दुसरा आकडा पहिल्याच्या चौथाईला येतो. तीन मीटरवर नववा हिस्सा. मुलं स्वतः मोजतात, तेव्हा व्यस्त वर्गाचा नियम फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

मग मी उलटा प्रश्न टाकते. दिवा किती लांब आहे ते माहीत नाही, फक्त त्याचा उजेड किती दिसतो ते कळतंय. अंतर सांगा. थोडा वेळ वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून उत्तर येतं, "मॅडम, दिवा किती वॉटचा आहे ते आधी पाहिजे."

सगळं खगोलशास्त्र इथे येऊन अडलेलं होतं. तारा मंद दिसतो तो लहान आहे म्हणून की लांब आहे म्हणून, हे नुसत्या दिसण्यावरून कळत नाही. जवळच्या ताऱ्यांसाठी पराशयाची रीत आहे. पृथ्वी सूर्याभोवती सहा महिन्यांत एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाते, तेवढ्यात जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. त्या कोनावरून भूमितीने अंतर निघतं. पण तारा लांब गेला की कोन हाती लागत नाही. पुढे जायचं तर ज्याच्यावर वॉटचा आकडा लिहिलेला आहे असा दिवा आकाशात सापडायला हवा.

दुपारी १.३०

मधली सुट्टी. खिचडीची ताटं धुऊन झाली की काही मुली स्टाफरूमच्या दाराशी उभ्या राहतात. त्यांना हेन्रिएटा लेविटची गोष्ट पुढे ऐकायची असते. ती मी तुकड्यातुकड्यांनी सांगते, कारण एका दमात सांगण्यासारखी ती नाही.

हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या तबकड्यांवर घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांचे ढीग होते आणि ते तपासायला स्त्रिया नेमलेल्या होत्या. लेविटला तासाला ३० सेंट मिळत. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. पेरू देशातल्या वेधशाळेतून आलेल्या तबकड्यांवर तिने मॅजेलनच्या दोन मेघांमधले १,७७७ रूपविकारी तारे शोधले आणि १९०८ मध्ये त्यांची यादी छापली. त्यात तिला दिसलं की जो तारा जास्त उजळ, तो आपला फेरा जास्त दिवसांत पुरा करतो. १९१२ मध्ये तिने लहान मेघातल्या २५ ताऱ्यांवर हा संबंध पक्का करून दाखवला. परिपत्रकावर सही संचालक एडवर्ड पिकरिंग यांची होती, पण हे काम मिस लेविटने केलं आहे, असं त्याच्या पहिल्याच ओळीत नमूद होतं.

सगळी मख्खी तारे एकाच मेघात असण्यात होती. राजूर घाटात रात्री गाडी थांबवून खाली मोताळ्याकडे पाहिलं, तर दूरवरच्या गावातले सगळे दिवे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. त्यातला जो उजळ दिसतो, तो खरोखरच मोठा दिवा. मेघातल्या ताऱ्यांचंही तसंच. अंतराचा घोळ आपोआप गळून पडला आणि ताऱ्याचं खरं तेज आणि त्याचा कालावधी एकमेकांसमोर उभे राहिले. मुलींना मी हेही सांगते की तो लहान मेघ आपल्या जिल्ह्यातून कधीच दिसत नाही. तो इतका दक्षिणेला आहे की आपल्या क्षितिजावर येतच नाही. लेविटनेही तो काचेवरच पाहिला.

दुपारी ३

दहावीच्या मुलांना आज गणित नाही, मोजणी आहे. त्यांच्या वह्यांत दोन ताऱ्यांचे आलेख आहेत. एक वृषपर्व्यातला डेल्टा, कालावधी ५.३७ दिवस. दुसरा मिथुनातला झीटा, १०.१५ दिवस. दोघांची सरासरी प्रत ३.९ च्या आसपास. म्हणजे डोळ्याला दोघं सारखेच.

आता लेविटचा नियम लावायचा. कालावधी दुप्पट झाला की सेफीडचं खरं तेज जवळजवळ दुपटीने वाढतं. झीटाचा कालावधी डेल्टाच्या दुपटीला थोडा कमी, म्हणजे तो डेल्टाहून सुमारे १.९ पट तेजस्वी. तरी दिसायला दोघं सारखे. मग झीटा लांब असलाच पाहिजे. किती? १.९ चं वर्गमूळ, सुमारे १.३८. डेल्टाचं अंतर हबल दुर्बिणीने पराशयावरून मोजलेलं आहे, ८९० प्रकाशवर्षं. त्याला १.३८ ने गुणलं की झीटाचं अंतर १,२०० प्रकाशवर्षांच्या थोडं वर येतं. याच दुर्बिणीने झीटाचा पराशयही वेगळा मोजला आहे आणि तो १,२०० च्या जवळच अंतर देतो.

ही तपासणी फळ्यावर पुरी झाली तेव्हा वर्गात गडबड थांबली होती. पट्टी नाही, कोन नाही. फक्त एक तारा किती दिवसांनी परततो हे मोजलं आणि शेकडो प्रकाशवर्षांचा फरक हाती आला. आकाशातलं लांबचं अंतर घड्याळाने आणि कॅलेंडरने मोजता येतं. माझ्या सगळ्या शिकवण्यात याहून मोलाचं मी काही दिलं असेल असं मला वाटत नाही.

एका मुलीने विचारलं, "मधे धूळ असली तर?" धूळ आहेच. डेल्टाच्या वाटेवर ती झीटापेक्षा जास्त आहे, तिच्यामुळे तारा आहे त्याहून मंद दिसतो आणि हिशेब बिघडतो. म्हणून शास्त्रज्ञ आता अवरक्त प्रकाशात मोजतात. तो धुळीतून बराच सहज पार होतो. तिचा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, उद्या त्याच्यावरच तास आहे.

दुसऱ्याला वेगळं हवं होतं. तारा का फुगतो? त्याच्या आत हेलियमचा थर असतो. तारा आकसला की तो थर दाबला जातो आणि तापतो, हेलियमचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि थर अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता तिथे अडते, दाब वाढतो आणि थर बाहेर ढकलला जातो. तारा फुगला की थर निवतो, पुन्हा पारदर्शक होतो, अडलेली उष्णता निसटते आणि गुरुत्वाकर्षण त्याला परत आत खेचतं. तारा जितका मोठा आणि विरळ, तितका हा फेरा सावकाश. मोठा तारा म्हणजे जास्त उजेड. लेविटला जे काचेवर दिसलं, त्याचं कारण हे.

सायंकाळी ५.३०

शाळा सुटते आणि नेमक्या याच मिनिटाला खगोलशास्त्राचा दिवस बदलतो. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ज्युलियन दिवसांत लिहितात. इ.स.पूर्व ४७१३ च्या १ जानेवारीपासून एकेक दिवस मोजत आलेला हा आकडा आता २४ लाख ६० हजारांच्या पुढे आहे. तो ग्रिनिचच्या दुपारी बारा वाजता बदलतो, म्हणजे आपल्या साडेपाचला. युरोपातल्या निरीक्षकांची रात्र मध्यरात्री तारीख बदलून तुटू नये म्हणून केलेली ही सोय आपल्यालाही पुरेपूर लागू पडते. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते. महिना किती दिवसांचा, लीप वर्ष होतं का, ही झंझट नाही. एक आकडा दुसऱ्यातून वजा केला की कालावधी.

सायंकाळी ७.१५

डेल्टा उत्तरेला सर्वांत उंच, क्षितिजापासून पन्नास अंशांच्या वर. बाजूचे वृषपर्व्यातलेच झीटा आणि एप्सिलॉन मिळून एक लहान त्रिकोण होतो. झीटा ३.४, एप्सिलॉन ४.२. डेल्टा ३.५ आणि ४.४ यांच्यामध्ये वरखाली होतो. आज तो झीटाहून दोनच दशांश मंद. नोंद ३.६. उत्कर्ष नुकताच होऊन गेला आहे. हा तारा दीड दिवसात झपाट्याने चढतो आणि जवळजवळ चार दिवस सावकाश उतरतो. आलेख काढला की चढण उभी आणि उतार लांब दिसतो. सेफीडची ओळख त्या आकारावरून पटते.

डेल्टाच्या या चढउताराचा शोध जॉन गुडरिकने यॉर्क शहरात १७८४ च्या ऑक्टोबरात लावला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, लहानपणापासून बहिरा. दीड वर्षाने तो गेला. त्याच्या शेजारी राहणाऱ्या एडवर्ड पिगटने काही आठवडे आधी गरुडातला ईटा शोधला होता. तोही आता पश्चिमेला चांगला वर आहे, श्रवणाच्या खाली. गरुडातलेच बीटा ३.७, आयोटा ४.४, ईटा त्यांच्या मध्ये. नोंद ४.१.

गच्चीवर आज शाळेतली चार-पाच मुलंही आलेली आहेत. प्रत्येकाने आपला आकडा दुसऱ्याला न दाखवता लिहायचा हा नियम. डेल्टाला कोणी ३.५ लिहितं, कोणी ३.७. एकमेकांचं पाहून लिहिलं तर सगळ्यांचे आकडे सारखे येतील, पण त्यातून ताऱ्याविषयी काहीच कळणार नाही.

रात्री ९.३०

मुलं घरी गेली. देवयानी आता उंच आहे. तिच्या मधल्या ताऱ्याजवळ नुसत्या डोळ्यांनी एक धूसर ठिपका दिसतो. खालच्या रस्त्यावरून शेजारचे भाऊ बॅटरी घेऊन शेताकडे निघाले होते. "मॅडम, अजून गच्चीवरच? काय पाहून राह्यल्या?" या आठवड्यात लाइन रात्रीची आहे, हरभऱ्याचं ओलित करायचं आहे. मी त्यांना वर बोलावून तो ठिपका दाखवला. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे अंतर तुमाले कोनं सांगतलं?" मी म्हटलं, "त्यातल्याच एका ताऱ्याने."

तो तारा एडविन हबलला ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या तबकडीवर सापडला. आधी त्याने तो नवतारा समजून 'एन' लिहिलं, मग ते खोडून लाल शाईने रूपविकारी अशी खूण केली. कालावधी ३१.४ दिवस. एवढा सावकाश म्हणजे फार तेजस्वी, आणि तरी इतका मंद म्हणजे फार लांब. त्याने नऊ लाख प्रकाशवर्षं काढली. १ जानेवारी १९२५ रोजी हे जाहीर झालं आणि देवयानीतला तेजोमेघ आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरला. पुढे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं की सेफीडमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली होती. ती निस्तरताच अंतरं दुपटीने वाढली.

ज्या वृषपर्व्याच्या ताऱ्यावरून या जातीला नाव पडलं, तो शर्मिष्ठेचा बाप. शर्मिष्ठा आणि देवयानी यांचं वैर आपल्याकडे घराघरात माहीत. आकाशात मात्र वृषपर्व्याच्या कुळातल्या ताऱ्याने देवयानीचं अंतर सांगितलं, हे भाऊंना फार आवडलं. ते ओलितावर गेले.

रात्री १०.४५

दिवसभराच्या नोंदी आलेखावर चढवायच्या. वेगवेगळ्या फेऱ्यांतले ठिपके एकाच फेऱ्यावर आणून बसवले की डेल्टाची वक्ररेषा तयार होते. एका रात्रीत ती दिसत नाही, एका आठवड्यातही धड नाही. डेल्टाचा कालावधी ५ दिवस ८ तास ४८ मिनिटांचा आहे, त्यामुळे संध्याकाळी झालेल्या उत्कर्षानंतरचा उत्कर्ष पहाटे येतो, तेव्हा तारा मावळलेला असतो. तिसरा फेरा मात्र १६ दिवस आणि दोन-अडीच तासांनी पुरा होतो, म्हणजे पुन्हा संध्याकाळीच. ही तारीख मी मुलांना आधी काढायला लावते.

हा सगळा प्रपंच कशासाठी, हे मी त्यांना उद्या सांगणार आहे. विश्व किती वेगाने पसरतंय हे ठरवायला दीर्घिकांची अंतरं लागतात आणि ती अजूनही सेफीडवरून सुरू होतात. या वाटेने अ‍ॅडम रीस यांच्या गटाला दर मेगापार्सेकला, म्हणजे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांच्या आसपासच्या अंतराला, सेकंदाला ७३ किलोमीटर हा वेग मिळतो. विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून प्लँक यानाने काढलेला आकडा ६७ च्या थोडा वर आहे. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाचा ७० च्या आसपास. वेब दुर्बिणीने सेफीड पुन्हा तपासले, तेव्हा हबल दुर्बिणीची मोजणी टिकली. म्हणजे फरक खरा असू शकतो, आणि खरा असेल तर विश्वाविषयी आपल्याला समजलेलं काहीतरी अपुरं आहे.

या वादाचं उत्तर बुलढाण्याच्या गच्चीवरून निघणार नाही, हे मुलांना ठाऊक आहे. पण हा वाद ज्या पायरीवर उभा आहे, ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि वहीने चढून पाहिली आहे. पुढे वर्तमानपत्रात विश्वाच्या वयाचा एखादा नवा आकडा छापून येईल, तेव्हा तो कुठून आला असेल आणि त्यात कुठे चूक शिरू शकते हे या मुलांना विचारता येईल. ज्याने एकदा अंतर मोजलं, त्याला ते दुसऱ्याच्या शब्दावर मान्य करावं लागत नाही. यासाठी लागतं ते अंधारं आकाश, आणि ते आपल्या जिल्ह्यात अजून आहे. न चुकता चालणारं घड्याळ, आणि तेही घरोघरी आहे. उरतं ते रोज ठरल्या वेळी वर पाहायची सवय लावणं. ती लावणं हे शिक्षकाचं काम, आणि ते मी मनापासून करते.